जीवनदायीत बसतंय का? दवाखान्याची पायरी चढण्याआधी आणि चढल्यावर

मी करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात २००९ पासून आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती म्हणून काम करते. रात्री-अपरात्री माझा फोन वाजला की पलीकडून बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो, "ताई, जीवनदायीत बसतंय का हे?"

जीवनदायी म्हणजे मोठ्या दुखण्यावर दवाखान्यात मोफत उपचार देणारी सरकारी योजना. तिचं नाव बदलून बरीच वर्षं झाली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून आपल्या कोल्हापुरासह राज्यभर आली. २०१७ मध्ये ती महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. २३ सप्टेंबर २०१८ ला रांचीत पंतप्रधानांनी आयुष्मान भारतची जन आरोग्य योजना सुरू केली, आणि १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात या दोन्ही योजना एकत्र चालतात. पण आमच्याकडं 'जीवनदायी' हाच शब्द रुळलाय, आणि मीही तोच वापरते, कारण घाबरलेल्या माणसाला तोच लगेच कळतो.

आता सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, बाकीचं सगळं तिच्यावरच उभं आहे. ही योजना पैसे तुम्हाला देत नाही, दवाखान्याला देते. तेही दवाखान्यानं उपचाराआधी मंजुरी मागितली असेल तरच. तुम्ही आधी पैसे भरले, बिलं जपून ठेवली आणि नंतर ती घेऊन योजनेच्या ऑफिसात गेला, तर तिथं ती बिलं घेणारं टेबलच नाही. पीकविम्यासारखा नंतर दावा करायची सोय यात नाही.

हे मला आमच्याच घरात शिकायला मिळालं. २०१६ च्या हिवाळ्यात मामंजींच्या छातीत पहाटे कळ आली. शहरातल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. काउंटरवर डिपॉझिट मागितलं. दीरांनी दूध संस्थेतून उचल आणली, मी भिशीचे पैसे काढले, चाळीस हजार भरले आणि समोर आलेल्या चार कागदांवर सह्या केल्या. सहाव्या दिवशी डिस्चार्जच्या वेळी जिन्यामागं एक छोटं टेबल दिसलं, वर पाटी, 'आरोग्यमित्र', म्हणजे योजनेचं काम बघणारा माणूस. दवाखाना योजनेत होता. आमचं केशरी रेशनकार्ड होतं. आजार यादीत होता. मी धावत गेले. त्या पोरानं शांतपणे आमच्याच सहीचा कागद काढून दाखवला. त्यावर छापलं होतं की आम्ही स्वखर्चानं उपचार घेत आहोत. तेव्हा मी सात वर्षांची आशा होते, दुसऱ्यांना योजना सांगत होते, आणि स्वतःच्या सासऱ्याच्या वेळी कागद वाचला नाही. पुढं त्या बिलापायी एक म्हैस विकावी लागली. मामंजी बरे झाले, ते मोठं. पण त्या दिवसापासून मी कुणालाही पहिलं वाक्य हेच सांगते, पैसे भरायच्या आधी आरोग्यमित्र शोधा.

दिल्लीतून गल्लीपर्यंत हे चालतं कसं

हे थोडं समजून घेतलं की कुठं अडलं तर कुणाला गाठायचं ते कळतं.

आपल्या घटनेत सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने हा राज्याचा विषय आहे. म्हणून दिल्लीचं आरोग्य मंत्रालय थेट कोल्हापुरात येऊन दवाखाना चालवत नाही. ते नियम ठरवतं आणि पैसे देतं, काम राज्य करतं. जन आरोग्य योजनेसाठी मंत्रालयाच्या अखत्यारीत राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण नावाची संस्था आहे. २ जानेवारी २०१९ ला ती या रूपात आली. केंद्रीय आरोग्यमंत्री तिच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष असतात. उपचारांची पॅकेजं, त्यांचे दर, कार्ड काढायचं सॉफ्टवेअर, खोटे दावे पकडायची यंत्रणा हे सगळं तिथून येतं. केंद्राच्या यादीतल्या घरांसाठी लागणारा पैसा महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० या प्रमाणात असतो. राज्यात हे काम राज्य आरोग्य हमी सोसायटी बघते, तिचं मुख्य ऑफिस मुंबईत वरळीला. सोसायटीचा जिल्ह्यात जिल्हा समन्वयक असतो आणि योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र. हा आरोग्यमित्र योजनेनं नेमलेला असतो, दवाखान्याचा नोकर नसतो. तो तुमच्या बाजूनं बसलाय, हे लक्षात ठेवून त्याच्याशी बोला.

आम्ही आशा मात्र दुसऱ्या वाटेनं आलो. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ ला सुरू झालं, त्यातल्या आम्ही. साधारण हजार लोकवस्तीमागं एक आशा, पाच हजारांमागं एक उपकेंद्र, तीस हजारांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. गगनबावड्यासारख्या डोंगरी भागात हे आकडे तीन हजार आणि वीस हजार. ताप, खोकला, बाळाची लस, गरोदर बाईची तपासणी याला ही वाट. ऑपरेशन, ॲडमिट व्हायचं मोठं दुखणं याला जीवनदायी. दोन्ही दिल्लीच्या एकाच मंत्रालयाकडं जाऊन मिळतात, पण त्यांचे कागद वेगळे आणि माणसं वेगळी. बाह्यरुग्ण तपासणीचा, नुसत्या रक्त-लघवी चाचणीचा खर्च जीवनदायीत बसत नाही. 'नुसतं दाखवून यायचंय' म्हणाल तर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय.

गावात एक राग कायम असतो. "त्यांचा दोन मजली बंगला, त्यांना आयुष्मान, आणि आमच्या पत्र्याच्या घराला न्हाई?" मी हे शंभरदा ऐकलंय. त्याचं कारण सांगते. केंद्राची मूळ यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जात गणनेवरून केली गेली. कच्च्या भिंती आणि कच्च्या छपराची एकच खोली, घरात कमावता पुरुष नाही, भूमिहीन मजूर, अपंग सदस्य अशा निकषांवर. ज्यांचा बंगला आज दिसतो त्यांचं २०११ ला मातीचं घर होतं, आणि जे तेव्हा एकत्र कुटुंबात होते ते आज वेगळे होऊन पत्र्यात राहतात. यादी तिथंच थांबली. हा अन्याय खरा होता, आणि २८ जुलै २०२३ च्या राज्याच्या निर्णयानं त्यातला मोठा भाग मिटला. पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड असलं तरी घर योजनेत आलं आणि दरवर्षी कुटुंबामागं ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं. आधी ते दीड लाख होतं. मूत्रपिंड प्रत्यारोपणाला साडेचार लाखांपर्यंतची मर्यादा झाली. त्या निर्णयात १,३५६ उपचार होते. पुढं यादीत बदल होत गेले, म्हणून आजारपण आलं की त्या दिवसाची यादी आरोग्यमित्राकडूनच तपासून घ्या.

हे ५ लाख साऱ्या घराचे मिळून असतात, माणशी नव्हे. वर्षात भावाचं बायपास झालं असेल तर उरलेली रक्कम किती, हे आरोग्यमित्राला स्क्रीनवर दिसतं. आधी विचारून घ्या.

पिशवी

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगा आमच्या गल्लीत शिरली. जनावरं सोडवली, म्हाताऱ्यांना ट्रॅक्टरमधून काढलं, आणि कपाटातले कागद राहिले. पाणी उतरल्यावर रेशनकार्डांचा लगदा हातात आला. जुलै २०२१ ला परत तेच. मधल्या काळात एका बाईला कर्करोगाचं निदान झालं, आणि तिचे पहिले कितीतरी दिवस नुसते कागद परत काढण्यात गेले. तेव्हापासून माझ्या वाट्याच्या प्रत्येक घरात मी दाराजवळच्या खिळ्याला एक जाड प्लास्टिकची पिशवी लावायला लावते. पूर येवो की छातीत कळ येवो, हात आधी त्या खिळ्याकडं गेला पाहिजे.

पिशवीत घरातल्या सगळ्यांची आधारकार्डं आणि रेशनकार्ड ठेवा. रेशनकार्डाचा १२ अंकी ऑनलाइन क्रमांक कार्डच्या आतल्या पानावर ठळक लिहून ठेवा. जुन्या कार्डांवर तो नसतो, रेशन दुकानदाराकडून किंवा तहसीलच्या पुरवठा शाखेतून मिळतो. काढली असतील तर आयुष्मान कार्डं. जुने डिस्चार्ज पेपर, ईसीजी, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. बाळ असेल आणि त्याचं नाव अजून रेशनकार्डावर चढलं नसेल तर त्याचा जन्मदाखला.

आता कागद असणं निराळं आणि कागद जुळणं निराळं. कॉम्प्युटर माणसाला ओळखत नाही, तो फक्त नाव, वय, बाप-नवऱ्याचं नाव पडताळून बघतो. बऱ्यापैकी जुळलं तर मंजुरी लवकर येते. नाही जुळलं तर ते प्रकरण वर कुणा माणसाकडं तपासायला जातं आणि तिथं दिवस जातात. आमच्या पलीकडच्या गल्लीतल्या आक्कांचं आधारवर नाव 'आक्काताई', रेशनकार्डावर 'हौसाबाई'. एक माहेरचं, एक सासरचं. साऱ्या गावाला ठाऊक की दोन्ही त्याच, पण मशीनला काय माहीत! म्हणून धडधाकट असताना दोन्ही कार्डं शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. चूक आधारमध्ये असेल तर आधार केंद्र, रेशनकार्डात असेल तर पुरवठा शाखा.

नव्या सुनांचं तर हमखास राहून जातं. लग्नाला चार वर्षं झाली तरी नाव माहेरच्याच कार्डावर. मग बाळंतपणात काही गुंतागुंत झाली की धावाधाव. माहेरच्या तालुक्यातून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा आणि इकडच्या कार्डात नाव वाढवायचं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच हे उरकून टाका. सासूबाईंनी मनावर घेतलं तर होतं, म्हणून मी सासवांनाच सांगते.

तिसरी अडचण मोबाईलची. आधारला जोडलेला नंबर पुण्यात कंपनीत असलेल्या पोराचा असतो, किंवा कधीच बंद पडलेल्या सिमचा. ओटीपी तिकडं जातो आणि इकडं म्हातारा बाकावर बसून राहतो. बोटाचा ठसा किंवा चेहरा दाखवूनही ओळख पटवता येते, पण ऊस तोडून, गुऱ्हाळावर काम करून ज्यांच्या बोटांची रेघ झिजलीय त्यांचा ठसा मशीन घेत नाही. आधार केंद्रात जाऊन चालू नंबर जोडून घेणं हाच खरा उपाय.

कार्ड काढताना

आयुष्मान कार्ड आपले सरकार सेवा केंद्रात निघतं, बऱ्याच ठिकाणी आम्ही आशाही मोबाईलवरच्या आयुष्मान ॲपमधून काढून देतो. ज्याला जमतं त्यानं स्वतः काढलं तरी चालतं. घरातल्या प्रत्येकाचं कार्ड वेगळं निघतं. कुटुंबप्रमुखाचं काढलं म्हणजे सगळ्यांचं झालं, असं नाही.

एक घोळ मी दर आठवड्याला निस्तरते. आभा कार्ड आणि आयुष्मान कार्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आभा म्हणजे १४ अंकी आरोग्य क्रमांक. तुमचे रिपोर्ट, चिठ्ठ्या एका जागी जोडायला तो उपयोगी पडतो. दोन्ही एकाच प्राधिकरणाचे, दोन्हीवर आयुष्मान भारत लिहिलेलं, म्हणून फसगत होते. आभा कार्ड कुणालाही निघतं, त्यावर ५ लाखांचा उपचार मिळत नाही. माझ्याकडं एक काका आभा कार्डाला लॅमिनेशन करून तीन वर्षं पाकिटात जपून आले होते. त्यांचं खरं कार्ड निघायला वीस मिनिटं लागली.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. यात उत्पन्नाची, रेशनकार्डाच्या रंगाची अट नाही, आधार पुरतं. घर आधीच केंद्राच्या योजनेत असेल तर घरातल्या सत्तरीवरच्यांना ५ लाखांचं वेगळं संरक्षण मिळतं, ते पोरा-नातवंडांच्या रकमेत मिसळत नाही. वय आधारवरचंच धरतात. आमच्याकडं पुष्कळ म्हाताऱ्यांची जन्मतारीख आधारवर १ जानेवारी अशी अंदाजानं पडलेली आहे, आणि वर्षही कधी पाच-सहा वर्षांनी कमी. शाळा सोडल्याचा दाखला असेल तर तो दाखवून दुरुस्ती करता येते, शाळेच्या जुन्या रजिस्टरात नाव सापडतं का बघा. आपल्या जिल्ह्यात माजी सैनिकांची घरं पुष्कळ. ज्यांना माजी सैनिकांची ईसीएचएस किंवा केंद्र सरकारची सीजीएचएस सेवा आहे त्यांनी एकच निवडायची असते, दोन्ही नाही. घाईत सही करू नका, आधी घरी बसून विचार करा.

दवाखान्यात

जायच्या आधी, दम खायला वेळ असेल तर, एक फोन करा. १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००. केंद्राचा नंबर १४५५५. दवाखाना योजनेत आहे का, एवढंच विचारून फोन ठेवू नका. 'या आजारासाठी आहे का' हे विचारा. एखादा दवाखाना हाडांसाठी योजनेत असतो आणि हृदयासाठी नसतो. काही उपचार तर सरकारी दवाखान्यांसाठीच राखीव आहेत, ते खासगीत योजनेतून होत नाहीत.

वेळच नसेल तर १०८ ला फोन करा आणि जवळचा दवाखाना गाठा. जीव आधी. अशा वेळी दवाखाना फोनवरून तातडीची मंजुरी घेऊ शकतो आणि कागद मागून देता येतात. पण ही तातडीची मंजुरी मागा असं आरोग्यमित्राला तुम्हीच सांगा, आणि घरी कुणाला तरी पिशवी आणायला पिटाळा.

पेशंटबरोबर दोन माणसं जा. एक पेशंटजवळ, दुसरा कागदाला. काउंटरवर पहिलं वाक्य, "आम्हाला योजनेतून उपचार घ्यायचेत, आरोग्यमित्र कुठं बसतात?" डिपॉझिट मागितलं तर तेच वाक्य परत म्हणा. आणि प्रत्येक कागद सही करायच्या आधी वाचा. इंग्रजीत असेल तर मोठ्यानं वाचून मराठीत सांगायला लावा. 'स्वखर्चाने' हा शब्द दिसला तर थांबा. मी हे का सांगते ते वर लिहिलंच आहे.

आरोग्यमित्र नोंदणी करतो, फोटो काढतो, ओळख पटवतो. पुढं डॉक्टर तपासून कुठलं पॅकेज लागतं ते ठरवतात, आणि दवाखाना रिपोर्ट अपलोड करून मंजुरी मागतो. याला सगळे 'प्रीऑथ' म्हणतात. पलीकडं डॉक्टर मंडळी ते बघतात आणि तीनपैकी एक होतं. अप्रूव्हल येतं, रिजेक्ट होतं, नाहीतर क्वेरी पडते, म्हणजे आणखी काही कागद किंवा माहिती मागतात.

'क्वेरी पडली' ऐकलं की नातेवाईकांचा धीर सुटतो. आक्कांच्या थोरल्यानं तर मला फोनवर सांगितलं, "ताई, योजनेनं नकार दिला." मी म्हटलं, आरोग्यमित्राकडं फोन दे. नकार नव्हताच. अँजिओग्राफीचे फोटो अपलोड झाले होते, पण मंजुरी देणाऱ्या डॉक्टरांना सीडीतलं चित्र बघायचं होतं, आणि नावाचा तो 'आक्काताई-हौसाबाई' घोळ. पोरगं दुसऱ्या दवाखान्यात जाऊन सीडी घेऊन आलं. नावासाठी दोन्ही कार्डं आणि जुना केसपेपर, ज्यावर दोन्ही नावं होती, तो जोडला. दुसऱ्या दिवशी दुपारी अप्रूव्हल आलं आणि आक्कांना स्टेंट बसला. घरचा एक पैसा गेला नाही. मी त्या दिवशी सीपीआरच्या आवारात वडाखाली बसून रडले, कारण मला मामंजींची म्हैस आठवत होती.

म्हणून क्वेरी पडली की तीन गोष्टी विचारा, नेमकं काय मागितलंय, ते कोण देणार, कधीपर्यंत. कागदावर लिहून घ्या. रिजेक्ट झालं तरी कारण लेखी मागा. पुष्कळदा चुकीचं पॅकेज टाकलेलं असतं आणि दवाखान्यानं दुरुस्त करून परत पाठवलं की होतं.

मंजुरी आली की पॅकेजमध्ये जनरल वॉर्डचा बेड, डॉक्टर, भूल, ऑपरेशन, औषधं, बसवायची वस्तू, तपासण्या आणि पेशंटचं जेवण येतं. हे सगळं दवाखान्यानं द्यायचं असतं. 'बाहेरून आणा' म्हणून चिठ्ठी हातात दिली तर ती चिठ्ठी घेऊन मेडिकलऐवजी आरोग्यमित्राकडं जा. एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे, फुले योजनेच्या पॅकेजमध्ये घरी परत जायचं एसटीचं भाडंही धरलेलं आहे. राधानगरीच्या पलीकडच्या वाडीवर परतणाऱ्या बाईला ते पैसे कमी नसतात. विचारायला लाजू नका. आणि डिस्चार्जनंतरचे ठरावीक दिवस औषध आणि तपासणी त्यातच येते, त्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

पैसे घेतलेच तर पावती घ्या. पावती देत नसतील तर कधी, किती, कुणी घेतले ते वहीत टिपून ठेवा आणि शक्यतो पेशंट ॲडमिट असतानाच १५५३८८ वर तक्रार नोंदवा. तक्रारीचा नंबर मागून घ्या. पुढं जिल्हा समन्वयक, त्यावर जिल्ह्याची तक्रार निवारण समिती, ती जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर चालते. चूक सिद्ध झाली तर दवाखान्याला पैसे परत द्यावे लागतात, दंड होतो, योजनेतून काढताही येतं. २०१६ ला आम्ही हे काहीच केलं नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

चंदगडकडच्या लोकांना बेळगाव जवळ, त्यांचा प्रश्न वेगळा. ज्या घराचं नाव केंद्राच्या यादीत आहे त्याला दुसऱ्या राज्यातल्या योजनेतल्या दवाखान्यातही उपचार मिळतात. राज्यानं नंतर सामावून घेतलेल्या घरांनी मात्र आपण कुठल्या यादीत आहोत हे निघण्याआधी फोन करून विचारावं. सीमा भागातली ८६५ मराठी गावं महाराष्ट्रानं आपल्या योजनेत घेतली आहेत, तिकडच्या पाहुण्यांना हे आवर्जून सांगा.

योजनेत बसलंच नाही तर

सीपीआर आहे, म्हणजे आपलं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं असलेलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेलं आहे, आणि कोकणातून, निपाणी-चिकोडीकडूनही माणसं तिथं येतात. गर्दी असते, बेडसाठी थांबावं लागतं. तरी मी माझ्या माणसांना आधी तिथंच नेते.

दुसरी वाट धर्मादाय दवाखान्यांची. सार्वजनिक न्यासाच्या दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो ऐन वेळी मिळत नाही, म्हणून दरवर्षी काढून पिशवीत ठेवा. दवाखान्याच्या नावात 'ट्रस्ट' किंवा 'धर्मादाय' असेल तर तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा.

घरी आल्यावर

बिल शून्य आलं तरी घर खचतंच. कमावता माणूस सहा महिने अंथरुणावर असला की दूध घालायला कोण जाणार, हा प्रश्न असतो. अपंगत्व आलं असेल तर दिव्यांगांच्या युडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करून सरकारी दवाखान्यात तपासणीला जावं लागतं. कर्करोग, पक्षाघात, क्षयासारख्या आजारानं माणूस कामाला उभा राहू शकत नसेल, वय ६५ च्या आत असेल आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत असेल, तर तहसीलमधल्या संजय गांधी निराधार योजनेच्या शाखेत अर्ज करा, महिना १,५०० रुपये मिळतात. ६५ च्या पुढं श्रावणबाळ योजना. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २० हजार मिळतात. तेराव्यापर्यंत कुणाला सुचत नाही, म्हणून मीच चौदाव्या दिवशी जाऊन मृत्यूचा दाखला आणि रेशनकार्ड मागून घेते. हे २० हजार ग्रामविकास मंत्रालयाच्या खात्यातून येतात, आरोग्याच्या नाही, त्यामुळं दवाखान्यातला आरोग्यमित्र याबद्दल सांगणार नाही. त्यासाठी तलाठी आणि तहसीलच गाठायचं.

या रविवारी दुपारी तीनला मी अंगणवाडीच्या कट्ट्यावर बसणार आहे, आमच्या गल्लीतल्या नऊ घरांच्या पिशव्या तपासायला. तुमच्या गावातही तुमची आशाताई असेल, तिला असंच एका दुपारी बसायला सांगा. जाताना आधारला जोडलेला मोबाईल चार्ज करून न्या, आणि सुनेचं माहेरचं रेशनकार्ड असेल तर तेही.